उत्तर तयार असलेली माणसं

३ जून २०१४ च्या सकाळी अम्मीचा फोन आला. मला पुण्यात नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. नेहमीची चौकशी नाही, काही नाही. "आजच्या आज दाढी कर. आणि टोपी घालून बाहेर पडू नकोस." आदल्या रात्री हडपसरमध्ये, नमाज पढून जेवणाचा डबा घेऊन खोलीवर परतणाऱ्या एका तरुणाला जमावाने हॉकी स्टिकने मारून टाकलं होतं. तो सोलापूरचा, एका खासगी कंपनीत आयटीचं काम करायचा. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्याबद्दल फेसबुकवर कोणीतरी टाकलेल्या आक्षेपार्ह चित्रांवरून शहर तापलं होतं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्याला दाढी होती आणि डोक्यावर टोपी होती, एवढंच.

मी दाढी केली. त्या दिवशी ऑफिसात जी शांतता होती ती अजून आठवते. कोणी वाईट बोललं नाही, कोणी काहीच बोललं नाही.

त्याच्या दहाएक दिवस आधी कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेले होते. बगदादमध्ये ते गटातून निसटले आणि इसिसला जाऊन मिळाले. त्यातले काही अभियांत्रिकीचे. आम्हाला हे जुलैत कळलं, तोवर मोसुल पडलं होतं आणि बगदादीने स्वतःला खलिफा म्हणवून घेतलं होतं.

कॉलेजच्या मुस्लिम मित्रांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. हडपसरवर तिथे महिनोन्महिने बोलणं चाललं, आणि ते चालायलाच हवं होतं. कल्याणवर किती? एकाने लिहिलं, "सगळं एजन्सींचं कारस्थान आहे." दुसऱ्याने लिहिलं, "इसिसचा इस्लामशी काय संबंध?" तिसरा अंगठा माझा होता. विषय तिथेच संपला.

त्या अंगठ्याबद्दल मला आज लिहायचं आहे.

होस्टेलमध्ये असताना डॉ. झाकीर नाईक यांची भाषणं आमच्याकडे पेन ड्राइव्हवरून फिरत. मीही ती तासन्‌तास ऐकली आहेत. शीवच्या सोमय्या मैदानावरच्या त्यांच्या परिषदेला आमच्यातले काही जण ट्रेन बदलत बदलत गेले होते. त्यांच्यात काय आवडायचं, हे आज प्रामाणिकपणे आठवलं तर धर्म दुसऱ्या क्रमांकावर येतो. पहिल्या क्रमांकावर आकडे. सूरा अमुक, आयत तमुक. बायबलचं प्रकरण अमुक, ओळ तमुक. हिंदू ग्रंथांचेही अध्याय आणि श्लोक. समोरचा प्रश्न विचारून श्वास घेतो न घेतो तोच उत्तर हजर, क्रमांकासकट. गावातले मौलवी साहेब म्हणायचे, "यावर उलमांमध्ये मतभेद आहेत, बेटा." आम्हाला ते कमकुवत वाटायचं. सुटाबुटातला, इंग्रजी बोलणारा हा डॉक्टर मात्र कधी "मतभेद आहेत" म्हणायचा नाही. आम्ही चार वर्षं अशाच परीक्षा दिल्या होत्या: चार पर्याय, एक बरोबर, बाकीचे चूक. दहावीनंतर आमच्यापैकी कोणी इतिहासाचं एक पानही उघडलं नव्हतं.

नाईक यांच्यावर अन्याय नको म्हणून सांगतो. हिंसेला चिथावणी दिल्याचा आरोप त्यांनी कायम नाकारला आहे. २०१६ मध्ये त्यांच्या संस्थेवर बंदी आली, ते देशाबाहेर राहिले, खटला पुढे सरकलेला नाही. माझी तक्रार न्यायालयात टिकेल अशी नाहीच. माझी तक्रार ही, की त्यांनी माझ्यासारख्या हजारो शिकलेल्या पोरांना एक सवय लावली. दुसऱ्याचा धर्म म्हणजे खोडून काढायचं गणित, आणि शंका म्हणजे कच्चेपणा. या सवयीतून फार थोडे जण बंदुकीकडे जातात. पण जाणाऱ्याला वाटेत थांबवणारं त्यात काहीही नाही.

समाजशास्त्रज्ञ दिएगो गॅम्बेटा आणि स्टेफेन हेर्टोग यांचं 'इंजिनियर्स ऑफ जिहाद' हे पुस्तक २०१६ मध्ये आलं. नाव वाचूनच मला राग आला होता. त्यांचं निरीक्षण असं, की मुस्लिम देशांतल्या हिंसक इस्लामवाद्यांपैकी ज्यांचं उच्च शिक्षण झालं आणि विषय माहीत आहे, त्यांच्यात जवळपास ४५ टक्के अभियंते निघतात. लोकसंख्येतल्या प्रमाणाच्या कितीतरी पट. ११ सप्टेंबरच्या कटाचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद हा अमेरिकेत शिकलेला मेकॅनिकल इंजिनियर. एक कारण लेखक देतात ते निराशेचं: पदवी मिळाली, पण जी प्रतिष्ठा तिच्याबरोबर येणार होती ती आली नाही. दुसरं कारण मनाच्या घडणीचं: सगळं नीट लावलेलं हवं, संदिग्धता सहन होत नाही, आपले आणि परके यांच्यात स्पष्ट रेघ हवी. अतिउजव्या गटांतही त्यांना अभियंते भेटले, डाव्यांमध्ये जवळजवळ नाहीत. म्हणजे ही भानगड एकट्या मुसलमानांची नाही. आणि हेही खरं की आमच्यातले जवळजवळ सगळे आयुष्यभर कोड लिहितात, हप्ते फेडतात आणि मुलांच्या शाळेच्या रांगेत उभे राहतात. तरीही पुस्तक मिटताना मला होस्टेलचा पेन ड्राइव्ह आठवला.

डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने ट्विटरवरच्या 'शामी विटनेस'चा मुखवटा काढला. इसिसच्या बाजूने रात्रंदिवस इंग्रजीत लिहिणारं हे खातं, १७,००० हून जास्त लोक वाचायचे. निघाला बंगळुरूमधल्या कंपनीतला अभियंता. वाहिनीने त्याला विचारलं, तू स्वतः का गेला नाहीस? घरच्यांची जबाबदारी आहे, असं त्याचं उत्तर होतं. हे वाचून मी हसलो होतो आणि मग बराच वेळ हसू आलं नाही. दुसऱ्याच्या घरच्यांची जबाबदारी त्याला ट्वीट करताना आठवली नव्हती. कल्याणचा एक जण त्याच सुमारास परत आला. तिकडे आपल्याला पाणी भरायला आणि संडास साफ करायला लावलं, असं त्याने चौकशीत सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. पुढची पाच-सहा वर्षं तो तुरुंगात होता; २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचा जामीन कायम केला. बाकीचे तिघे परतले नाहीत.

आता हडपसरकडे पुन्हा येऊ. त्या खटल्यात जानेवारी २०१७ मध्ये तीन आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. हल्ल्याच्या अर्धा तास आधी एक सभा झाली होती, तिथे हे लोक धर्माच्या नावाने भडकले, त्यांचं मृताशी वैयक्तिक वैर नव्हतं, मृताचा दोष इतकाच की तो दुसऱ्या धर्माचा होता. अशी त्या आदेशातली मांडणी होती, आणि ती आरोपींच्या बाजूने धरली गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि माणूस अमुक समाजाचा आहे हे त्याच्यावर हल्ला करण्याचं समर्थन होऊ शकत नाही, असं बजावलं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने पुराव्याअभावी सगळ्यांना निर्दोष सोडलं. ज्यांच्या भाषणांवर एवढी चर्चा झाली ते हिंदू राष्ट्र सेनेचे प्रमुखही सुटले.

डॉ. दाभोलकरांच्या खुनाचा निकाल मे २०२४ मध्ये लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली. तिघे सुटले. खुनामागचा सूत्रधार दुसराच कोणीतरी आहे आणि त्याच्यापर्यंत तपास यंत्रणा पोचल्या नाहीत, हे न्यायालयानेच नोंदवलं.

व्यासपीठावरचा माणूस, इकडचा असो वा तिकडचा, हातात काही धरत नाही. हॉकी स्टिक धरणारा पोरगा वेगळा, बगदादचं तिकीट काढणारा वेगळा. तिकडच्या व्यासपीठाबद्दल बोलायला आपल्याला उत्साह असतो. हमीद दलवाईंनी दोन्ही व्यासपीठांबद्दल एकाच तोंडाने बोलायची हिंमत केली, तर आपल्याच लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. आपल्या बाजूची गोष्ट आली की "त्याचा इस्लामशी संबंध नाही" म्हणून आपण सुटका करून घेतो. ऑफिसात सर्व्हर बंद पडला आणि मी "तो माझा कोड नव्हता" म्हणालो, तर मॅनेजर विचारतो, मग तुझ्या सिस्टीममध्ये तो शिरला कुठून? कल्याणच्या पोराने घरच्यांसाठी पत्र ठेवलं होतं. तो आपल्यासारख्याच घरातून, आपल्यासारख्याच कॉलेजातून गेला. त्याला त्याच्या परिसरात कोणी "यावर मतभेद आहेत, बेटा" म्हणणारं भेटलं होतं का, हा प्रश्न ग्रुपवर मी विचारायला हवा होता. मी अंगठा दाखवला.

या ईदला मामेभाऊ घरी आला होता. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे. शीरखुर्मा खाता खाता त्याने मला एक रील दाखवली. कोणी नवा वक्ता, तोच आत्मविश्वास, तेच आकडे, फक्त दीड मिनिटात. मी म्हटलं, याला एकदा विचार, तुझं कधी चुकलं होतं का? तो हसला. मग मी त्याला २०१४ बद्दल सांगितलं, दोन्ही गोष्टी, याच क्रमाने. तो शांतपणे ऐकत होता. कल्याणबद्दल त्याने दोन प्रश्न विचारले, मला जमली तशी मी उत्तरं दिली.

मग म्हणाला, "भाई, पण सगळेच सुटले ना? मग हडपसरला त्याला मारलं कोणी?"

त्याच्या हातातल्या फोनमध्ये या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. माझ्याकडे नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसून राहिलो. अम्मीने दोनदा जेवायला हाक मारली.