हाताचा जोर हे माप नव्हे

उरण तालुक्यातील मोरा बंदरात पावसाळा हा एंजिने उघडून दुरुस्त करण्याचा काळ होय. सन २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी होती. अशा दिवसांत नौका किनाऱ्यास लागतात व मिस्त्र्यांना उसंत नसते. शेतकऱ्याच्या पंपाचे डिझेल एंजिनही पावसाळ्यात उभेच असते. रब्बीच्या पाण्यापूर्वी ते याच वेळी उघडणे सोयीचे पडते. दोन्ही ठिकाणी एका कामात अंदाज चालत नाही. ते काम म्हणजे हेडचे नट आवळणे.

स्टड हा दिसावयास पोलादी दांडा असला तरी काम स्प्रिंगचे करतो. नट आवळला म्हणजे स्टड किंचित ताणला जातो व त्या ताणाने हेड गॅस्केटवर दाबून बसते. ताण कमी पडल्यास गॅस्केट फुटते, पाण्यात बुडबुडे येतात, पाणी उतरून तेल दुधाळ होते. ताण अधिक झाल्यास स्टड कायमचा लांबतो किंवा ब्लॉकमधील आटे उपटतात. पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे नऊ दशांश जोर घर्षणातच खर्ची पडतो. म्हणजे हाताला जाणवते ते मुख्यतः घर्षण, ताण नव्हे.

“आजवर हातानेच आवळले, काही बिघडले नाही,” असे जुने मिस्त्री म्हणतील. त्यांच्या अनुभवाचा अवमान करण्याचे कारण नाही. परंतु तो हात मूळच्या स्टडवर तयार झालेला असतो. बाजारातून आणलेल्या दुसऱ्या बनावटीच्या स्टडचे पोलाद, आटे व वंगण ही सारी निराळी असू शकतात. तेथे जुना अंदाज फसतो. एंजिनच्या पुस्तकातील आकडाही जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. म्हणून स्टड घेतानाच त्याच्या कारखानदाराचे माहितीपत्रक मागून घ्यावे, आणि त्यातील आकडा व वंगण दोन्ही पाळावीत. कोरड्या आट्यांचा आकडा तेल लावलेल्या आट्यांस वापरल्यास ताण पुष्कळ वाढतो. एककही पाहावे. १० किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटर किंवा ७२ फूट-पौंड. ९८ हा आकडा फूट-पौंडांचा समजला, तर जोर एक तृतीयांशाहून अधिक जादा पडतो.

खाऱ्या हवेत आट्यांवर गंज चढतो. तो प्रथम साफ करावा. ब्लॉकच्या बंद भोकात तेल वा पाणी राहू देऊ नये. ते दाबले जाऊन ब्लॉक तडकण्याची भीती असते. माहितीपत्रकात वेगळे सांगितले नसेल तर स्टड ब्लॉकमध्ये केवळ बोटांनी फिरवून बसवावा. नंतर टॉर्क रेंचने मधल्या नटापासून बाहेर जात, तिरप्या क्रमाने, तीन फेऱ्यांत नट आवळावेत: प्रथम एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, शेवटी पूर्ण. रेंच झटका न देता सावकाश ओढावा. एंजिन चालवून गार झाल्यावर पुन्हा आवळावयाचे किंवा नाही, हेही माहितीपत्रकावरून ठरवावे.

टॉर्क रेंच प्रत्येकाने विकत घ्यावा असे नाही. मच्छीमार संस्थेने किंवा शेतकरी गटाने एक रेंच सामाईक ठेवावा, वापरानंतर त्याची स्प्रिंग सैल करावी व त्याचे माप वेळोवेळी तपासून घ्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यात पुढाकार घेतल्यास थोडक्या खर्चात मोठे नुकसान टळेल. शेतात एंजिन बंद पडले तर पाण्याची पाळी चुकते. भर समुद्रात बंद पडले तर खलाशांच्या जिवाशी गाठ असते. म्हणून नाखवा असो वा शेतकरी, त्याने मिस्त्र्याला “घट्ट आवळले ना?” असे न विचारता “किती आकड्यावर आवळले?” असे विचारण्याची रीत पाडली पाहिजे.