खेळाच्या वाटेतील काटे

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. तेथील मुक्तांबाळ छत्र मराठी माणसाने आवर्जून पाहावे असे आहे. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते बांधविले. वाटसरूंना तेथे आसरा व अन्न मिळे, आणि मुलांसाठी विनामूल्य शाळाही चाले. मुलांनी शिकावे असा नुसता हुकूम सोडून राजे थांबले नाहीत. शिक्षणाच्या वाटेतील पहिली अडचण जी भूक, तिचा त्यांनी विचार केला. पुढे १९५६ साली कामराज यांनी त्या वेळच्या मद्रास राज्यात शाळेतील दुपारच्या भोजनाची योजना हाती घेतली, आणि २०२२ पासून तमिळनाडूच्या शाळांत लहान मुलांना सकाळची न्याहारीही मिळू लागली. या सर्वांमागील सूत्र एकच : मुलाला उपदेश करण्यापूर्वी त्याच्या वाटेतील काटा काढावा.

हेच सूत्र आपल्या घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या खेळास लावून पाहू या. दहा वर्षांचा असताना जो मुलगा हाका मारूनही घरात येत नसे, तोच आता मैदानाकडे फिरकत नाही. आपण म्हणतो, "आळशी झाला." पण हा आळस एकट्या आपल्या घरचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे, दम लागेल अशी हालचाल केली पाहिजे. २०१६ पर्यंतच्या माहितीवरून केलेल्या पाहणीत, ११ ते १७ वयाच्या शंभर शाळकरी मुलांपैकी ८१ जणांची तेवढी हालचाल होत नाही असे आढळले. मुलांमध्ये हे प्रमाण ७८, तर मुलींमध्ये ८५ होते. हाडे बळकट होण्याचे, हृदय व फुप्फुसे कसदार होण्याचे हेच वय; ते बसून गेले तर पुढे हळहळण्यावाचून हाती काही उरत नाही.

मग काटे कोणते? पहिला काटा आपणच पेरलेला असतो. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला दिला जातो, आणि पालक म्हणून आपण त्याबद्दल आभारच मानतो. दुसरा काटा शिक्षेचा. उशीर झाला, मार मैदानाला फेऱ्या. गृहपाठ राहिला, काढ उठाबशा! धावणे हा दंड आहे असे जो दहा वर्षे शिकला, तो अकराव्या वर्षी आनंदाने धावेल कसा? तिसरा काटा हसण्याचा. संघ निवडताना जो नेहमी शेवटी उरतो, तो एके दिवशी "पोट दुखते" म्हणून वर्गातच बसतो. आणि मुलींच्या वाटेत तर काटेच काटे : अडचणीचा पोशाख, स्वच्छतागृहाचा अभाव, मासिक पाळीतील संकोच, आणि कुंपणापलीकडून पाहणाऱ्या नजरा.

हे काटे काढण्यास फार पैसा लागत नाही. तमिळ मुले ज्याला सडुगुडु म्हणतात, तोच आपला हुतूतू, म्हणजे कबड्डी. त्यास बॅट नको, जाळी नको; मुलींच्या मैदानास १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद मऊ जमीन पुरते. स्पर्धेचा ज्याला धाक वाटतो त्याला दोरीवरच्या उड्या, सायकल, पोहणे किंवा नृत्य निवडू द्यावे. या वयात मूल हुकमाने हलत नाही, निवडीने हलते. आणि सोबती असला तर लवकर हलते. कोण पहिला आला हे सांगण्यापेक्षा गेल्या महिन्याहून तू किती पुढे गेलास, हे सांगावे. ओरत्तनाडु काय किंवा नागपूर काय, उन्हाच्या दिवसांत खेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर ठेवावा, आणि जवळ पिण्याचे पाणी असावे.

पालकांच्या पुढील सभेत आपण गुणपत्रिकेबद्दल विचारालच. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा : या महिन्यात खेळाचे किती तास झाले, आणि त्यांत किती मुली खेळल्या? आणि त्याच संध्याकाळी चपला घालून मुलाला किंवा मुलीला म्हणा, "चल, मीही येतो." हे एक वाक्य दहा उपदेशांचे काम करील.

ज्या छत्राने वाटसरूच्या घासाबरोबर मुलांच्या पाठाचीही काळजी वाहिली, त्याच्या गावी आणि आपल्या गावीही आता खेळाची पाळी आली आहे. पानावर घास वाढताना आपण मुलाला कारण विचारत नाही; खेळाच्या तासासाठी तरी ते का विचारावे?