भंगाराचा माल छाटणीत होतो

रबर आणि प्लास्टिकच्या पुनर्वापराचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ‘हे सगळे थोतांड आहे. पाकिटावर बाणांचा त्रिकोण छापला की कंपनी मोकळी; कचरा शेवटी डेपोवरच जातो.’ दुसरा म्हणतो, ‘आता सगळ्याचेच रिसायकलिंग होते. प्लास्टिकच्या नावाने खडे फोडणे पुरे.’ ही मते एकमेकांवर तुटून पडतात खरी, पण दोन्ही पक्ष चूक एकच करतात. ते फक्त यंत्राकडे बघतात. त्यात कोणता माल पडतो आणि तो कोण निवडतो, हे विचारत नाहीत.

पहिल्या पक्षाचा पुरावा आधी मान्य करू. उत्पादकाने आपल्या वेष्टनांच्या प्रमाणात पुनर्वापराची प्रमाणपत्रे मिळवावीत, अशी ईपीआर व्यवस्था केंद्राने 2022 मध्ये प्लास्टिकला लावली. पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे सापडली. यातून तपासणीची ढिलाई सिद्ध होते. माल बनतच नाही, हे मात्र सिद्ध होत नाही.

कारण माल बनतो. तोही टायरसारख्या हट्टी वस्तूपासून. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये कच्च्या रबरात गंधक घालून ते तापवले आणि उन्हाळ्यात चिकटणारे, थंडीत तडकणारे रबर टिकाऊ झाले. गंधकाने रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या की ते पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही, तसे. तरीही अंकलेश्वरपासून सोलापूरपर्यंत रिक्लेम रबराचे कारखाने चालतात. टायरच्या कडेची तार ओढून काढतात, रबर दळतात, पोलादाचे कण चुंबकाने वेचतात, मग तेल आणि रसायने घालून ते दाबाखाली तापवतात. गंधकाचे काही बंध सुटतात आणि रोलरमधून रबराचा पातळ मऊ पत्रा बाहेर येतो. त्याची ताकद नव्या रबराएवढी नसते, म्हणून नव्या टायरमध्ये ते बेतानेच मिसळतात. मॅट, मडफ्लॅप अशा वस्तूंत हात सैल सोडतात. देशात नैसर्गिक रबर गरजेपेक्षा कमी पिकते, त्यामुळे या मालाला गिऱ्हाईकही आहे. थोतांडाला इतकी वर्षे रोकडा भाव मिळत नसतो.

आता ‘सगळ्याचे होते’ म्हणणाऱ्यांकडे वळू. ट्यूबचे ब्युटाइल रबर आणि टायरचे नैसर्गिक रबर एकत्र दळले, तर घाणा बिघडतो. पाण्याची बाटली पेट प्लास्टिकची. तिच्या चुऱ्यात पीव्हीसीचे थोडे तुकडे राहिले, तर पेट वितळायच्या उष्णतेला पीव्हीसी करपते, आम्ल सोडते आणि सगळा माल पिवळा पडतो. पाण्यात टाकूनही दोघे वेगळे होत नाहीत, कारण दोघेही बुडतात. म्हणून धारावीत तुकडा वाकवून, आपटून आवाज ऐकून, वेळ पडली तर कोपरा पेटवून वास घेऊन जात ठरवणारे हात लागतात. आणि वेफर्सचे चकचकीत पाकीट? एकावर एक चिकटवलेले ते थर कुठलाही भंगारवाला सोडवू शकत नाही. त्याला दर नाही, म्हणून ते कोणी उचलत नाही.

या पक्षाची दुसरी पळवाट म्हणजे पायरोलिसिस. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या कारखान्यांत जुने टायर बंद भट्टीत तापवून तेल काढतात. काजळी आणि दुर्गंधी आसपासच्या गावांच्या वाट्याला येते. तेल शेवटी जळते, रबर कायमचे संपते. 2022 च्या टायरविषयक नियमांनी पायरोलिसिससाठी जुने टायर आयात करायला बंदी घातली, ती उगाच नव्हे. इंधन करणे आणि रबराचे पुन्हा रबर करणे, यांचा हिशेब एका वहीत मांडता येत नाही.

मग आमचा पक्ष काय? भंगाराचा माल होतो तो छाटणीच्या ढिगापाशी, यंत्र त्यानंतरचे. म्हणून पैसा आणि कायदा दोन्ही आधी तिथे पोहोचले पाहिजेत. वेष्टन एकाच जातीच्या प्लास्टिकचे असावे. थर चिकटवायचेच असतील, तर ते परत घेण्याचा खर्च चिकटवणाऱ्याने द्यावा. ट्रकचा टायर दळण्याआधी रिमोल्ड करावा, कारण सांगाडा शाबूत असताना त्याचा चुरा करणे ही उधळपट्टी आहे. ईपीआरचा पैसा कारखानदाराच्या दारात थांबू नये. पुण्यात घरोघर कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या सभासदांसारख्या कष्टकऱ्यांपर्यंत तो किलोच्या दराने पोहोचावा.

यावर आक्षेप ठरलेला: छाटणीला रास्त मजुरी दिली तर माल महागेल. महागू द्या. तो आज स्वस्त आहे, कारण त्याची किंमत हातमोज्यांशिवाय काच आणि सुया वेचणारी बाई भरते आणि भट्टीशेजारचे गाव भरते. ती किंमत पाकीट विकणाऱ्याच्या ताळेबंदात चढली, की वेफर्सची पाकिटे एका जातीची करायचे तंत्र त्याला आपोआप सुचेल.