मोठं नाव की पक्कं पत्र?

माझा भाचा मेकॅनिकल इंजिनियर आहे. यंदा त्याला पीएच.डी.साठी अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांची पत्रं आली. दोन्हीकडे ट्यूशन फी माफ, वर स्टायपेंड. मोहल्ल्यात बातमी पसरली आणि निकालही लागला: ज्याचं नाव सगळ्यांनी ऐकलंय तिथेच जायचं. आपाचा मला फोन आला, "तू तरी समजाव त्याला. मोठं सोडून लहान घेतोय."

मी दोन्ही पत्रं मागवून वाचली आणि भाच्याच्या बाजूचा झालो.

मोठ्या विद्यापीठाचे वर्षाला ३६ हजार डॉलर, पण हमी फक्त पहिल्या वर्षाची. पुढे 'निधी उपलब्ध असल्यास'. शहरही महागडं. लहान विद्यापीठाचे २८ हजार, पण पाच वर्षांची लेखी हमी, आरोग्य विमा त्यांचा, आणि गाइडची ग्रँट संपली तर विभाग शिकवण्याचं काम देऊन स्टायपेंड चालू ठेवणार, असं स्पष्ट लिहिलेलं.

हा फरक छोटा नाही. रिसर्च असिस्टंटचे पैसे बहुधा प्राध्यापकाच्या ग्रँटमधून येतात. ग्रँट संपली की पैसेही अडतात. २०२५ मध्ये अमेरिकेत संशोधनाच्या सरकारी निधीला कात्री लागली, तेव्हा काही विद्यापीठांनी दिलेले प्रवेशसुद्धा मागे घेतले. म्हणून विचारावं: स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? ट्यूशन माफ असली तरी इतर शुल्क किती? वाटलं तर बाहेर नोकरी करू, हा हिशेबही चालत नाही. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्येच आणि आठवड्याला २० तासच काम करता येतं. ते तास असिस्टंटशिपमध्येच संपतात.

नावाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. पुढे नोकरी शोधताना ते कामी येतं. पण पीएच.डी. म्हणजे पाच-सहा वर्षं एका माणसाच्या हाताखाली काढणं. तो माणूस कसा आहे, हे विद्यापीठाच्या नावावरून कळत नाही. भाच्याने दोन्ही गाइडच्या विद्यार्थ्यांना विचारलं: किती वर्षं लागतात, मध्येच किती जण सोडून गेले, लिहिलेलं किती दिवसांत वाचून मिळतं? एका बाजूने मोकळी उत्तरं आली. दुसऱ्या बाजूने 'ठीक आहे' एवढंच.

आपल्या घरांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. तिसऱ्या वर्षी पैसे थांबले, तर गॅरेज चालवणारा बाप डॉलर कुठून पाठवणार? मायदेशीही वाट रुंद नाही. आयआयटीत पीएच.डी.ला महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार मिळतात, पण जागा मोजक्या. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. ज्याच्या पाठीशी जमीनजुमला आहे, त्याने नावावर जुगार खेळावा. आपण पत्र वाचावं.

आपा म्हणाली, "इस्तिखारा कर." जरूर करावा. पण मशवराही आपल्याला शिकवलाय. जे कागदावर लिहिलंय ते वाचण्याची मेहनत अल्लाहवर कशाला ढकलायची?

आणखी एक गोष्ट. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलंय की, पैशासह दिलेल्या प्रस्तावावर विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत विचार करू द्यायचा. तेव्हा घाई करू नये. पण ठरलं की दुसरीकडे लगेच नकार कळवावा. ती जागा अडवून ठेवणं म्हणजे वेटिंगवरच्या कुणाचा तरी हक्क अडवणं.

भाच्याने लहान विद्यापीठाला होकार कळवला, त्याच रात्री दुसरीकडे नकारही. आपाची आता एकच अडचण आहे: शेजारणीने नाव विचारलं, की ते तीनदा सांगावं लागतं.