नागोयातला भुरका

"जेवताना आवाज करू नका!" मधल्या सुट्टीत वर्गांवरून फिरताना हे वाक्य मी तीस वर्षे उच्चारले. कढी ओरपणाऱ्या कितीतरी मुलांना त्यापायी माझी बोलणी खावी लागली. आता ती मुले स्वतः पालक झाली आहेत आणि हे पत्रक त्यांच्याही घरी जाते. म्हणून आधीच कबूल करून टाकते की २०२३ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये मी स्वतः भरल्या उपाहारगृहात भुरका मारला.

मुलाच्या नोकरीमुळे नागोया शहरी दोन महिने राहण्याचा योग आला. हे आइची प्रांताचे मुख्य शहर, वस्ती सुमारे २३ लाख, आसपास मोटारींचे कारखाने. इथली खासियत म्हणजे किशिमेन, गव्हाच्या पिठाच्या चपट्या, रुंद शेवया. नागोया स्टेशनच्या फलाटांवरच त्यांची छोटी दुकाने आहेत. बसायला खुर्ची नाही. यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची, ती फळीवर ठेवायची, दोन-तीन मिनिटांत वाफाळता वाडगा समोर येतो. कोट-टाय घातलेले गृहस्थ उभ्याने, काड्यांनी शेवया उचलून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा भुरका मारतात आणि पुढची गाडी पकडतात. हसत कोणी नाही, बघतही नाही. शेवया त्यामुळे तोंडात जाता जाता निवतात आणि वासही नीट लागतो, असे मुलाने सांगितले. कढीच्या भुरक्याबद्दल आपले आजोबा याहून वेगळे काय सांगत होते?

मी शाकाहारी. बॅगेत थेपले, खाकरे आणि मेतकूट भरून नेले होते. दोन महिने घरातच खायचे आणि बाहेर फक्त बघायचे, असा बेत होता. तो मोडला तो सकाळच्या कॉफीने. नागोयात जुन्या धाटणीच्या कॉफीच्या दुकानांना 'किस्सातेन' म्हणतात. मखमली खुर्च्या, मंद दिवे, वर्तमानपत्र वाचत बसलेले आजी-आजोबा. सकाळी साधारण अकरापर्यंत नुसती कॉफी मागवली तरी बरोबर जाड पावाचा टोस्ट आणि उकडलेले अंडे येते. त्याचे वेगळे पैसे नाहीत, याला 'मॉर्निंग' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी अंड्याऐवजी अझुकीचे गोड सारण मिळते. अझुकी म्हणजे मूग-चवळीच्या कुळातले लाल कडधान्य. लोणी लावलेल्या टोस्टवर ते सारण म्हणजे थेट आपले पुरणच की! फक्त वेलची-जायफळ नाही. मी रोज जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी न विचारता अंडे वगळून सारणाची वाटी ठेवली.

या 'मॉर्निंग'ची कुळकथा शेजारच्या इचिनोमिया गावाची मंडळी फार अभिमानाने सांगतात. हे विणकरांचे गाव. १९५० च्या दशकात तिथे मागांना अशी बरकत होती की माग एकदा 'गाचा' वाजला की एक 'मान' म्हणजे दहा हजार येन मिळाले, म्हणून त्या काळाला 'गाचामान' असे नाव पडले. पण त्या खडखडाटात गिऱ्हाइकाशी बोलणार कसे? कारखानदार त्याला घेऊन कॉफीच्या दुकानात जाऊन बसत. एवढी येजा पाहून दुकानदारांनी कॉफीबरोबर अंडे आणि शेंगदाणे ठेवायला सुरुवात केली.

मिसो-निकोमी उदोन हा तिथला दुसरा मानाचा पदार्थ. मातीच्या भांड्यात सोयाबीनच्या काळपट मिसोत जाड शेवया उकळतात आणि रटरटतच पुढे ठेवतात. भांड्याच्या झाकणाला वाफेचे छिद्र नसते, कारण तेच ताटली म्हणून वापरायचे. हा मिसो ओकाझाकीचा. तिथल्या किल्ल्यापासून आठ 'चो', म्हणजे सुमारे ८७० मीटर अंतरावरच्या वस्तीत लाकडी पिंपांवर दगड रचून तो दोन वर्षे आणि त्याहूनही अधिक मुरवतात. मुलाने मिटक्या मारत खाल्ला, मी पाहिला.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

घराजवळ एका वृद्ध जोडप्याचे उदोनचे दुकान होते, जेमतेम आठ जण बसतील एवढे. आत शिरताच सुकवलेल्या मासळीचा वास आला. वाळवून, धुरी देऊन लाकडासारखी कडक केलेली कात्सुओ मासळी किसून तिचे पाणी काढतात, त्याला 'दाशी' म्हणतात. तिथले बहुतेक रस्से याच पाण्यावर उभे असतात. वर नुसती भाजी दिसली तरी खाली मासळी असते, हे तिकडे जाणाऱ्या शाकाहारी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. मी नकळत पदर नाकाला लावला. शेजारी एक प्रौढ बाई जेवत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता आपला वाडगा उचलून माझ्यापासून हातभर लांब ठेवला. मान थोडी लववली, जणू चूक त्यांचीच होती.

मला एकदम एक डबा आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गात रत्नागिरीकडून बदलीवर आलेल्या कुटुंबातला एक मुलगा होता. त्याच्या डब्यात कधी कधी सुकटीची चटणी असे. बाकावरची मुले नाके दाबत, 'ईऽऽ' करत. त्याने डब्याचे झाकण अर्धे मिटून खायला सुरुवात केली, मग जिन्याखाली बसून. आणि मी काय केले? त्याच्या आईला वहीत दोन ओळी लिहिल्या: उद्यापासून साधा डबा द्यावा. त्यांनी दिला. तंटा मिटला म्हणून मी निश्चिंत झाले. मुलांना मात्र शब्दानेही बोलले नाही.

दुकानात मुलाने माझे खाणे समजावून सांगितले. आजीबाई आतून आल्या, मान हलवली, रश्श्याच्या पातेल्याकडे बोट दाखवून 'यात मासा आहे' असे स्पष्ट सांगितले आणि 'सुमिमासेन' म्हणून क्षमा मागितली. मग थोडा विचार करून साध्या पाण्यात उकडलेल्या शेवया गार पाण्यात धुऊन आणल्या. वर किसलेला मुळा, आले, कांद्याची पात, बाजूला सोया सॉस. 'मी हे खात नाही' हे मी सांगितले होते, 'माझ्याकडे हे नाही' हे त्यांनी सांगितले, आणि कोणाचाच अपमान झाला नाही. पदराने झाला होता तेवढाच. शेजारच्या बाईंना मी हातानेच खूण करून त्यांचा वाडगा पुन्हा जागेवर ठेवायला लावला. त्या हसल्या आणि कसे खायचे ते मला करून दाखवले. भुरका तेव्हा मारला.

हे सगळे आज लिहायचे कारण म्हणजे यंदाच्या पालकसभेत आलेली एक सूचना. मुलांच्या डब्यात काय नसावे याची यादी शाळेने करावी, असे काही पालकांनी सुचवले आणि विश्वस्त मंडळ त्यावर विचार करणार आहे असे समजते. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. मीही तेव्हा चांगल्याच हेतूने लिहिले होते. पण माझे मत या यादीच्या विरुद्ध आहे. मी आजही मासे खात नाही, पुढेही खाणार नाही. त्यासाठी शेजारच्याने त्याचा डबा मिटायला हवा, असे मला वाटत नाही. आपण वडोदऱ्यातले मराठी लोक. आपली उसळ या गावाने शेव घालून आपलीशी केली, तिला कोणी नाक मुरडले असते तर?

एक यादी मात्र जरूर करावी. त्या उदोनच्या दुकानात भिंतीवर सूचना लावली होती: उदोन आणि सोबा एकाच पाण्यात उकडतो. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. काहींना त्यांची इतकी तीव्र ॲलर्जी असते की जिवावर बेतते, म्हणून जपानमध्ये बंद पाकिटांवर त्याचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या प्रत्येक वर्गातही कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाला दूध, हे वर्गशिक्षकांकडे लिहिलेले असावे. ही माहिती जूनमध्ये प्रवेश-अर्जाबरोबरच भरून घेता येईल. अर्जाच्या मागचे पान कोरेच असते.