वेळापत्रक कुणाच्या सोयीचे?

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे, जिल्ह्याच्या टोकाचे गाव. एकेकाळी निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांची हद्द याच परिसरातून जात होती. आज त्याच हद्दीवर दोन विद्यापीठांची कार्यक्षेत्रे भिडतात. हिंगोलीकडे गेले की नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, वाशीमकडे गेले की संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. पदवीसाठी बाहेर पडणाऱ्या इथल्या मुलामुलींनी कोणतीही दिशा धरली, तरी त्यांच्या दिवसाची सुरुवात आणि शेवट एसटीच्या थांब्यावरच होतो.

उच्च शिक्षणाची चर्चा निघाली की आपण शुल्क, शिष्यवृत्ती आणि आरक्षणावर बोलतो. बोललेच पाहिजे. पण प्रवेश मिळाल्यानंतर नोटीस बोर्डावर एक कागद लागतो, त्यावर कुणीच बोलत नाही. तो कागद म्हणजे वेळापत्रक. कुणाला प्रत्यक्षात किती शिकायला मिळणार, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

समजा, एका विषयाचा तास सकाळी साडेसातला आहे आणि दुसरा दुपारी चारला. शहरात राहणारा विद्यार्थी मधल्या वेळेत घरी जाऊन जेवून येतो. अपडाऊन करणारी मुलगी सकाळचा तास बस न मिळाल्यामुळे गमावते, दुपारचा तास बस निघून जाईल म्हणून सोडते आणि मधले चार तास आवारात काढते. सत्राच्या शेवटी 75 टक्के हजेरीचा नियम दोघांना सारखाच लागतो. नियम समान, न्याय मात्र असमान. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. ही सवलत मोलाची आहे; पण तिच्यामुळे चुकलेली बस परत येत नाही. मुलगी अंधार पडल्यावर घरी पोहोचू लागली की घरात कुजबुज सुरू होते, आणि एक दिवस कॉलेज बंद होते. त्याची नोंद ‘गळती’ अशी होते. कारणाच्या रकान्यात ‘वेळापत्रक’ असे कधीच लिहिले जात नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने हा प्रश्न अधिक अवघड केला आहे. 2024-25 पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत पदवीची नवी रचना लागू झाली. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, कौशल्याचे, भाषेचे आणि मूल्यशिक्षणाचे अभ्यासक्रम, शिवाय दुसऱ्या विद्याशाखेतला एक खुला विषय. कला शाखेच्या मुलाने वाणिज्य किंवा विज्ञानाकडचा विषय घ्यावा, ही कल्पना चांगली आहे. मात्र त्यासाठी तिन्ही शाखांचा तो तास एकाच वेळी मोकळा हवा आणि तेवढ्या खोल्याही हव्यात. ते जमले नाही की ‘निवड’ कागदावर उरते आणि विद्यार्थ्याला सांगितले जाते, जो वर्ग जुळतो तो घे.

तरीही हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. साधा हिशेब मांडू. एका सत्रात 20 ते 22 श्रेयांक. एक श्रेयांक म्हणजे सत्रात 15 तास अध्यापन किंवा 30 तास प्रात्यक्षिक. सत्र 15 आठवड्यांचे धरले आणि 22 पैकी 6 श्रेयांक प्रात्यक्षिकाचे मानले, तर आठवड्याला 16 अधिक 12 असे 28 तास होतात. सहा दिवसांत वाटले तर रोजचे पाच तासही भरत नाहीत. म्हणजे विद्यार्थ्याचा दिवस सलग पाच-साडेपाच तासांत बसू शकतो. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत ताणला जातो, तेव्हा दोष अभ्यासक्रमाचा नसतो, मांडणीचा असतो.

प्राचार्यांच्या अडचणी खऱ्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. अनेक ठिकाणी एकाच इमारतीत कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय चालते. परीक्षा केंद्र आले की वर्ग बंद पडतात. पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दोन-दोन महाविद्यालयांत धावत असतात. त्यांनाही बस गाठायची असते. सगळ्यांना अकरा ते चार हीच वेळ हवी असेल तर खोल्या पुरणार नाहीत. पण साधन अपुरे असते तेव्हाच न्यायाची कसोटी लागते. भरपूर असते तेव्हा वाटप कुणीही करू शकतो.

आज ते वाटप कसे होते? बहुधा ज्येष्ठतेने. आधी ज्येष्ठ प्राध्यापकांच्या सोयीचे तास, मग मोठ्या पटाचे विषय, आणि उरलेल्या फटीत उर्दू, पाली यांसारखे कमी पटाचे विषय. त्यांना दिवसाचा पहिला नाही तर शेवटचा तास मिळतो. मग विद्यार्थी कमी होतात आणि पुढच्या वर्षी ‘प्रतिसाद नाही’ म्हणून तो विषयच धोक्यात येतो.

खोल्यांचेही तेच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षण संस्थांवर सुगम्यतेची जबाबदारी टाकली आहे. लिफ्ट बसवायला निधी लागतो. पण चालता न येणाऱ्या विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर आणायला केवळ इच्छा लागते.

शुक्रवारचेही सांगायला हवे. जुम्याच्या नमाजच्या वेळेत जेवणाची सुट्टी ठेवली तर कुणाचा एकही तास बुडत नाही. सगळेच त्या वेळेत जेवतात. ही सवलतीची मागणी नाही. बसची वेळ पाहून तास ठरवावा, या मागणीमागे जे तत्त्व आहे तेच इथेही आहे: ज्यांच्यासाठी वेळापत्रक आहे, त्यांचे जगणे त्यात दिसले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

1. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याचे गाव आणि बसच्या वेळा नोंदवाव्यात आणि शेवटच्या बसपासून उलटे मोजत तास लावावेत.

2. अपडाऊन करणाऱ्यांचे तास सलग असावेत. पहिला आणि शेवटचा तास दरवर्षी वेगवेगळ्या विषयांकडे फिरता ठेवावा.

3. कच्चे वेळापत्रक आठवडाभर आधी लावून हरकती मागवाव्यात, आणि प्रत्येक हरकतीला कारणासह उत्तर द्यावे.

4. कोणती खोली कधी रिकामी आहे, याचा तक्ता सर्वांसाठी खुला असावा. कुलूपबंद विभागीय खोल्याही त्यात याव्यात.

5. महाविद्यालयाने एसटी आगाराशी लेखी बोलणी करावी. चाळीस विद्यार्थ्यांच्या नावांची यादी सोबत असेल तर बसची वेळ बदलणे सोपे जाते.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती आहे, अध्यापनाचे नियोजन तिच्या कामात येते आणि विद्यार्थी परिषदेच्या प्रतिनिधींना तिथे जागा आहे. वेळापत्रक जुळवणारी एफईटीसारखी संगणक प्रणाली मोफत मिळते. पण संगणक तासांची टक्कर टाळेल, कुणाची सोय आधी पाहायची हे सांगणार नाही. ते माणसांनीच ठरवायचे आहे.

सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या खोल्या आणि पगारी तास ही समाजाची अमानत आहे. पालकांनो, या सत्रात मुलीला फक्त ‘कॉलेजला गेलीस का’ एवढेच विचारू नका. तिचे वेळापत्रक हातात घ्या आणि बसच्या वेळेशी ताडून पाहा. जिथे जुळत नसेल, तिथे चार पालक मिळून प्राचार्यांना भेटा. प्रवेश मिळाला की हक्क मिळाला असे नाही. पहिल्या तासाला बाकावर बसता आले आणि उजेड असताना घरी परतता आले, तरच तो हक्क पूर्ण होतो.