गच्चीवरची पवनचक्की आणि एक शब्दयोगी अव्यय

वाऱ्याला मराठीने कधी मापात बसवलेले नाही. 'वारेमाप' हा शब्द आपण अमर्याद या अर्थाने वापरतो, ज्याची जबाबदारी नको त्याला वाऱ्यावर सोडतो आणि वारा पाहून पाठ फिरवणाऱ्या माणसाकडेही अंदाजच असतो, आकडा नसतो. भाषेच्या या सवयीची किंमत एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या निधीतून मोजावी लागू शकते, याचा अनुभव मला अलीकडे आला.

आमची संस्था पुण्यातली, चार मजली इमारतींची. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचे बिल वाढत चालले, तेव्हा गच्चीवर छोटी पवनचक्की बसवावी अशी कल्पना पुढे आली. एका विक्रेत्याचे गुळगुळीत पत्रक हाती पडले. त्यावर निळे आकाश होते, फिरती पाती होती आणि खाली ओळ होती : 'एक हजार वॅटपर्यंत वीज'. मराठीचा प्राध्यापक म्हणून सभेपुढचे निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते मन लावून लिहिले. निसर्ग, परंपरा, पुढची पिढी असे सारे त्यात होते. सभेला ते आवडले. फक्त एक निवृत्त विद्युत अभियंते उठले आणि शांतपणे म्हणाले, "सर, यातले 'पर्यंत' म्हणजे कधी?"

मी हसून उत्तर टाळले. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न सुटेना. वर्गात एकेका प्रत्ययावर अर्धा तास बोलणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने उतरवलेले शब्दयोगी अव्यय वाचलेच नव्हते.

त्या 'पर्यंत'चा अर्थ असा. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती निम्मी होत नाही, एक अष्टमांश होते. छोट्या पवनचक्क्यांवर छापलेली क्षमता बहुधा सेकंदाला ११-१२ मीटर वेगाच्या वाऱ्याला धरून असते. हा वारा म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक, छत्री उलटी करणारा. आता सेकंदाला ३ मीटर वाऱ्याचा विचार करू. वेग १२ च्या एक चतुर्थांश, म्हणून शक्ती एक चौसष्टांश. हजार वॅटचे झाले सुमारे साडेपंधरा वॅट, एका एलईडी दिव्यापुरते. अनेक यंत्रे तर या वेगाला जेमतेम फिरू लागतात. दिवसरात्र असाच वारा वाहिला तर चोवीस तासांत ३७५ वॅट-तास होतील, आणि मधल्या जोरदार झोतांमुळे ते दुप्पट झाले असे उदारपणे धरले तरी पाऊण युनिट. यंत्र सुधारून हे गणित फारसे बदलत नाही. वाऱ्यातील शक्तीपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्के काढून घेता येते, ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वीच मांडली आहे, आणि छोटी यंत्रे तिच्या बरीच खाली राहतात.

त्या अभियंत्यांनी नंतर स्वखर्चाने गच्चीवर वायुवेगमापक लावला. पावसाळ्यातले काही दिवस सोडले तर आकडा तीनच्या पुढे क्वचितच सरकला. याचे कारण शहराच्या रचनेतच आहे. मोकळ्या पठारावर वारा एका दिशेने, अखंड येतो. शहरात इमारती, पाण्याच्या टाक्या, झाडे आणि जाहिरातींचे फलक यांवर आपटून त्याचे भोवरे होतात. गच्चीवर आपल्या तोंडावर जो वारा लागतो तो बऱ्याचदा असा भोवराच असतो. त्याचा स्पर्श सुखद असतो, पण पाती त्याच्यामागे दिशा बदलत राहतात आणि वीज मात्र निघत नाही. उभ्या अक्षाच्या चक्क्यांना दिशा बदलावी लागत नाही, हे खरे. पण नसलेली शक्ती त्याही कोठून आणणार?

हे आमच्याच गच्चीचे दुर्दैव नव्हे. ब्रिटनमध्ये २००६ च्या सुमारास घरांवर पवनचक्क्या बसवण्याची लाट आली. घरदुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानांतूनही त्या मिळू लागल्या. त्यानंतर 'वॉरिक विंड ट्रायल्स' या चाचणीत इमारतींवरील २६ पवनचक्क्यांचे प्रत्यक्ष उत्पादन मोजले गेले. २००९ च्या अहवालानुसार ते प्रत्येकी दिवसाला सरासरी २१४ वॅट-तास, म्हणजे पाव युनिटपेक्षाही कमी होते. यंत्रे बंद असलेला काळ वगळला तरी सरासरी ६२८ वॅट-तास. सर्वांत वाईट जागेवरच्या चक्कीने निर्माण केलेल्या विजेपेक्षा तिच्यातल्या इलेक्ट्रॉनिक भागांनी खाल्लेली वीज अधिक होती. सर्वांत चांगल्या जागा होत्या उंच इमारतींच्या माथ्यावर, पण तेथील रहिवाशांनी आवाजाच्या तक्रारी केल्याने त्याच चक्क्या बहुतेक काळ बंद ठेवाव्या लागल्या. वारा होता तेथे झोप नव्हती, झोप होती तेथे वारा नव्हता.

मुंबईतले स्नेही यावर उंचच उंच मनोऱ्यांचा दाखला देतात. लंडनमधील स्ट्राटा ही ४३ मजली इमारत २०१० मध्ये पूर्ण झाली. तिच्या माथ्यातच ९ मीटर व्यासाच्या तीन पवनचक्क्या रचलेल्या आहेत आणि इमारतीची सुमारे ८ टक्के वीज त्यांतून मिळावी अशी अपेक्षा होती. पुढे त्या फिरण्यापेक्षा थांबून राहण्याबद्दलच प्रसिद्ध झाल्या.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. पावसाळ्यात आपल्याकडे ऊन नसते आणि वारा असतो. मग सौरऊर्जेला वाऱ्याची जोड का नको? जोड हवीच. ती सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील पठारांवर दिसतेच. तेथे उंची आहे, मोकळा वारा आहे आणि मोठी पाती आहेत. पात्याची लांबी दुप्पट झाली की वारा पकडणारे क्षेत्र चौपट होते, म्हणून या धंद्यात लहान ते सुंदर हे सूत्र चालत नाही. त्या पठारांचेही प्रश्न आहेत, जमिनीचे आणि मोबदल्याचे. पण तेथील वारा तारेतून शहरात येऊ शकतो. शहरातल्या गच्चीवर तो ओढून आणता येत नाही. जेथे तार पोहोचत नाही असे डोंगरावरचे एकाकी घर किंवा कोकणातल्या उघड्या कड्यावरचा बंगला असेल, तर छोटी पवनचक्की उपयोगी पडू शकते. त्याआधी निदान वर्षभर वारा मोजावा, एवढीच अट.

मग शहरी माणसाला गच्चीवर पवनचक्की का हवीशी वाटते? माझ्या मते, ती दिसते म्हणून. सौर पटले निमूट पडून असतात. पवनचक्की फिरते, रस्त्यावरून नजरेत भरते, आपण काहीतरी करत आहोत असे जगाला सांगते. मी निवेदनात जे लिहिले ते विजेविषयी नव्हतेच, आमच्या प्रतिमेविषयी होते. सेरव्हांटेसच्या नायकाला पवनचक्क्या राक्षस वाटल्या. आम्हाला एक भिरभिरे वीजकेंद्र वाटले. त्याच्या भ्रमात निदान स्वतःच्या बरगड्या पणाला लागल्या होत्या. आमच्या भ्रमात शेजाऱ्यांचे पैसे होते, आणि त्यांत निवृत्तिवेतनावर जगणारी माणसेही होती.

आपण साहित्याची माणसे आकड्यांपासून दूर राहण्यात एक प्रकारची प्रतिष्ठा मानतो. 'ते विज्ञानवाल्यांचे काम' असे म्हणून आपण चित्र आणि शब्द तेवढे उचलतो. पण त्या पत्रकातली लबाडी आकड्यात नव्हती. हजार हा आकडा खराच होता. लबाडी त्याला चिकटलेल्या अव्ययात होती, आणि ती पकडण्यासाठी अभियंता असण्याची गरज नव्हती; वाचता येणे पुरेसे होते. पर्यावरणाच्या नावाने पुढे आलेल्या मजकुराला चिकित्सेतून सूट द्यायची, कारण हेतू चांगला आहे, ही सवय पर्यावरणाच्याही हिताची नाही. फसलेली पवनचक्की पाहून लोक पवनचक्कीलाच नव्हे, पुढच्या प्रत्येक चांगल्या प्रस्तावालाही हसतात.

पुढच्या सभेत मी माझे निवेदन मागे घेतले आणि दुसरे लिहिले. ते अर्ध्या पानाचे होते. एक किलोवॅटच्या सौर पटलांतून आपल्याकडे दिवसाला सरासरी सुमारे चार युनिट मिळतात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवले आहे, एवढेच त्यात होते. पावसाळ्यात हे उत्पादन घटेल, हेही त्यात लिहिले होते. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. ठराव मात्र मंजूर झाला, आणि त्या अभियंत्यांनी निवेदन दोनदा वाचून, एकही प्रश्न न विचारता, खाली ठेवले.